झाकण काढल्यावर हलायचं नाही

सोबतच्या पाकिटात एक फोटो आहे. आधी हे वाचा, मग पाकीट उघडा. तुमच्या आईला सांगून ठेवलं आहे, त्यामुळे उलट्या क्रमाने करू नका.

तुम्ही दोघं लहान असताना मी तुमच्याकडे ऑस्ट्रेलियात आले होते, तेव्हा तुमच्या बाबाने आपल्याला गाडीतून एका जुन्या गावी नेलं होतं. एकेकाळी त्या माळावर सोनं सापडलं आणि बघता बघता तिथे तंबू, दुकानं, बँक, दारूचे गुत्ते असं सगळं उभं राहिलं. आता तिथे एक जुनं दुकान तसंच जपून ठेवलं आहे आणि त्याच्या भिंतीवर त्या काळचे फोटो लावले आहेत. एका फोटोसमोर धाकटी थांबली आणि तिने विचारलं, "आजी, सगळे लोक गेले कुठे?"

प्रश्न बरोबर होता. रस्ता चांगला रुंद, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, पाट्यांवरची अक्षरं वाचता येतील इतकी स्वच्छ, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. खाली तर लिहिलं होतं की त्या दिवसांत गाव माणसांनी फुलून गेलं होतं. मी उत्तर द्यायला सुरुवात केली, पण तिला आइस्क्रीम हवं होतं आणि त्याची गाडी समोरच उभी होती. ते उत्तर अर्धं राहिलं, ते आज पुरं करते.

लोक तिथेच होते. त्या काळी फोटो काचेवर घेत. काचेला लावलेला मसाला फार सावकाश प्रकाश पीत असे, त्यामुळे कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि परत लावायचं. तेवढ्या वेळात जो चालत गेला, गाडी हाकत गेला, धावला, त्याची खूण काचेवर उरत नसे. उरायच्या इमारती, ओंडके, झोपलेलं कुत्रं आणि जो हलला नाही तो माणूस. सोन्याच्या गावात सगळ्यांना घाई, म्हणून रस्ता रिकामा. त्याच भिंतीवर दुसरेही फोटो होते, आठवतात का? दुकानदार आपल्या दारात उभा, शेजारी बायको, मुलं, नोकर, बाहेर मांडलेले डबे आणि बुटांचे जोड. ती सगळी माणसं स्पष्ट होती, कारण ती मुद्दाम थांबली होती. फोटो दूर देशी आईबापांना जायचा होता. मला इथे एक दार आहे, एवढं त्यांना कळवायचं होतं.

हे मला माहीत होतं, कारण माझ्या वडिलांचा नाशिकला फोटो स्टुडिओ होता. त्यांचा लाकडी कॅमेरा, कापडी भात्यासकट, मी इथे कतारला, दोह्याला आणला होता. तो आमच्या बिन महमूद भागातल्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात शोभेला होता. तुमचे आजोबा त्याला सासरे म्हणत. "सासऱ्यांवर धूळ बसली आहे," असं ऑफिसला जाताना सांगून जात.

आम्ही त्या इमारतीत फार वर्षं राहिलो. आजोबा गॅसच्या कंपनीत इंजिनिअर, मी शाळेत इंग्रजी आणि भूगोल शिकवत असे. तळमजल्यावर एक खानावळ होती. सहा टेबलं, बाहेर एक लांब बाक. ती चालवणारे भाई रत्नागिरीकडचे. मी भाकऱ्या करायचा कंटाळा केला की त्यांच्याकडून तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण वर येई. आमच्या वरच्या मजल्यावर लातूरच्या वहिनी राहत. त्यांची जीभ तिखट होती आणि हात सढळ.

फुटबॉलचा विश्वचषक इथे भरणार हे जाहीर झालं आणि शहर वेड्यासारखं वाढू लागलं. रस्ते रोज बदलत. काल डावीकडे वळलो तिथे आज पत्र्याचं कुंपण. कुंपणावर मोठमोठी चित्रं लावलेली असत, उद्याच्या दोह्याची: झाडाखालून चालणारी गोरीगोमटी कुटुंबं, हातात फुगे. ती माणसं संगणकावर काढलेली होती, पण त्यांची सावलीसुद्धा व्यवस्थित पडलेली होती. त्या कुंपणांच्या मागे आमच्यासारख्या इमारती एकेक करून पडत होत्या. मग आमचीही पाळी आली. नोटीस लागली. कोणी अल दुहैलला घर बघितलं, कोणी अल गराफाला, काही जण भारतात परतणार होते. भाईंनी दुसरीकडे खानावळ न काढता गावी परत जायचं ठरवलं.

एका संध्याकाळी मी डबा परत द्यायला खाली गेले, तर भाई बाकावर बसले होते. मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

"भाभी," ते म्हणाले, "तुमच्याकडे तो मोठा कॅमेरा हाय ना. तो चालतो काय?"

"का हो?"

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको कधीही दोह्याला आली नव्हती. पूर्वी तिला आणण्याइतका पगार नव्हता, पुढे खानावळ काढली तेव्हा तिची सासू अंथरुणाला खिळलेली, आणि आता तिचे गुडघे गेले होते. दर ईदला भाई स्टुडिओत जाऊन फोटो काढून घेत आणि घरी पाठवत. कोट स्टुडिओचा, टाय स्टुडिओची, मागे रंगवलेला धबधबा. घरी तिने ते सगळे ओळीने लावले होते.

"मागल्या वेळेला गेलो तर म्हनते, हा कोटवाला कोन लावलाय मी भिंतीवर? पावना वाटतो. ह्याचं दुकान कुठं हाय, मानसं कुठं हायत?" भाई हसले, पण फार नाही. "मी तिला काय दाखवू? आता तर दुकानच जानार."

"पण मोबाइल आहे की तुमच्याकडे," मी म्हटलं.

"त्यात ढीगभर फोटो हायत. सगळे मीच काढलेले. जो येतो तो म्हनतो, भाई, आमचा एक काढा."

लातूरच्या वहिनी जिन्यावरून खाली येत होत्या. त्यांनी हे ऐकलं आणि लगेच आपला फोन काढून भाईंचा फोटो घेतला. फोटोत भाई अर्धे वळलेले, तोंड उघडं, आतल्या माणसाला दोन चहा सांगताना.

"हा घ्या. झालं तुमचं काम," वहिनी म्हणाल्या.

भाईंनी बघितला. "नको ताई. ह्यात मी पळतोय. घरच्या भिंतीवर पळनारा मानूस कशाला? मला माझ्या दारात उभा असलेला पायजे."

मला त्या क्षणी भिंतीवरचा तो सोन्याच्या गावचा दुकानदार आठवला, डबे आणि बुटांच्या जोडांसकट. मी म्हटलं, "शुक्रवारी सकाळी काढू. सगळी इमारत खाली बोलावते."

वर येऊन सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "सासरे निवृत्त झाले आहेत."

"परत कामावर घेतले," मी सांगितलं.

काच वापरणं मला शक्य नव्हतं. पण वडील कधी कधी फोटोचा कागदच काचेच्या जागी लावत. कागदही तसाच सावकाश प्रकाश पितो. त्यावर आधी उलटं चित्र उमटतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, आणि त्यावरून मग दुसऱ्या कागदावर सुलटा फोटो करता येतो. तुमच्या बाबाने कागद आणि रसायनं कुरियरने पाठवली. बाथरूमच्या खिडकीला मी काळं कापड चिकटवलं, लाल दिवा लावला, तीन ट्रे मांडले. आजोबांना अंघोळीची वेळ ठरवून दिली.

शुक्रवारी इथे सुट्टी, आणि सकाळी गल्लीवर आपल्याच इमारतीची सावली असते. उन्हापेक्षा सावली बरी, चेहरे आक्रसत नाहीत. मी समोरच्या बाजूला तिवई लावली आणि काळं कापड डोक्यावर घेतलं. ह्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. खानावळ आकाशात टांगलेली, माणसं वटवाघळांसारखी. लांब गल्लीच्या टोकाला एक क्रेन होती, ती जमिनीत खुपसल्यासारखी. चेहरे या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट यावेत म्हणून मी भिंगाचं छिद्र लहान ठेवलं. म्हणजे झाकण काढून आठपर्यंत मोजायचं होतं.

सगळे नटून आले होते. लातूरच्या वहिनींनी पैठणी नेसली होती. मी सूचना दिल्या, भिंतीला टेका, श्वास हळू घ्या, समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघा. मग झाकण काढलं. आणि चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईच्या तोंडून आपोआप निघालं, "आता कोणी हलायचं नाही हं, कळलं का?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

बाथरूममध्ये कागद ट्रेमध्ये टाकला आणि इमारत हळूहळू वर आली. खिडक्या सुरेख, पाटी सुरेख, साड्यांचे काठसुद्धा दिसत होते. मात्र एकालाही चेहरा नव्हता. प्रत्येक खांद्यावर धुराचा गोळा होता.

"आपल्या माणसांना हो म्हणताना मान ठेवता येत नाही," आजोबा म्हणाले. "हे त्या सोनं शोधणाऱ्यांच्या लक्षात आलं नसतं. त्यांचा प्रश्न मिटलेला होता, ते तोंडाने येस म्हणायचे."

लातूरच्या वहिनींनी फोटो हातात घेतला आणि म्हणाल्या, "पैठणीचा फोटो मात्र छान आलाय. आत कोण आहे ते माझ्या नवऱ्याला ओळखायला लावते."

दुसऱ्या शुक्रवारी मी रुमाल वर केला तर सुरू, खाली केला तर संपलं, असं ठरवलं. बोलणं बंद. संध्याकाळी जिन्यात मुलांची आणि बायकांची तालीमही घेतली. सगळे उत्तम उभे राहिले. मी मोजत असताना कापडाबाहेरून बघत होते. एकवर एक गिऱ्हाईक आलं, रात्रपाळीचा माणूस, आणि भाई दारातून आत गेले. सातवर बाहेर आले, हातात कप. मी ओरडू शकत नव्हते, ओरडले असते तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या.

ह्या वेळी प्रत्येकाला चेहरा होता. वहिनींच्या नाकातली चमकीही आली होती. क्रेन टोकाला स्वच्छ उभी. गल्लीतून तेवढ्या वेळात गेलेल्या दोन गाड्यांचा पत्ता नाही, जणू ती गल्ली कधी जागीच झाली नव्हती. आणि खानावळीच्या दारात, बरोबर मध्यभागी, कोणीच नव्हतं. माणसाच्या उंचीचा एक पांढुरका डाग होता, वाफेसारखा.

मी फोटो खाली नेला. भाईंनी चष्मा लावला, डावीकडून एकेकाचा चेहरा ओळखत गेले, मग उजवीकडून. मग चष्मा काढून पुसला.

"मी कुठं हाय?"

मी डागावर बोट ठेवलं.

त्यांनी चष्मा परत लावून डाग बघितला. मग म्हणाले, "बरोबर हाय. जाऊ दे भाभी. मी असाच व्हतो इथं."

"जाऊ देणार नाही," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारी खानावळ अर्धा तास बंद ठेवा."

"ते नाय व्हनार."

"पंधरा मिनिटं."

"दारात आलेला मानूस परत गेला तर? रातभर काम करून येतात ती पोरं. तुम्ही सांगाल तसा उभा ऱ्हातो, झोपतो सुद्धा, पन बंदची पाटी मी लावनार नाय."

ह्यावर वाद घालून उपयोग नव्हता. मी त्यांना पुरेशी ओळखत होते. घरी येऊन मी विचार केला तेव्हा कळलं की माणूस थांबत नसेल तर गिऱ्हाईक थांबवावं लागेल. त्या जुन्या फोटोग्राफरांकडे ग्राहकाच्या मानेमागे लावायचा लोखंडी आकडा असे, डोकं हलू नये म्हणून. माझ्याकडे तुमचे आजोबा होते. त्यांनी मोठा थर्मास भरून चहा, कागदी पेले आणि बिस्किटांचा पुडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, येणाऱ्याला तिथेच चहा पाजून गप्पांत गुंतवायचं, असं ठरलं.

"म्हणजे मी फोटोत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"बरं आहे. तसंही तू मला रोज बघतेसच."

त्या आठवड्यात वरचे दोन मजले रिकामे व्हायला लागले. जिन्यात गाद्या आणि खोकी. गॅसची टाकी सोमवारी काढून नेणार असं भाईंना कळवण्यात आलं होतं, म्हणजे खानावळीचा हा शेवटचा शुक्रवार. ज्या कुटुंबांनी अल दुहैलला सामान नेलं होतं तीही टॅक्सी करून आली. लातूरच्या वहिनींची पैठणी खोक्यात गेली होती, त्यांनी साधी सुती साडी नेसली होती. "ह्या वेळी चेहऱ्यावर लक्ष द्या म्हणावं लोकांनी," त्या म्हणाल्या.

भाई धुतलेला पांढरा सदरा घालून दारात उभे राहिले. कोट नाही. मी त्यांचा डावा हात चौकटीवर ठेवायला लावला, आधार म्हणून. उजवा सरळ खाली.

"आत दूध उतू गेलं तरी?" वहिनींनी विचारलं.

"जाऊ दे," भाई म्हणाले. "यल्ला भाभी, करा सुरू."

मी रुमाल वर केला आणि झाकण काढलं.

एक, दोन. लांब गल्लीच्या तोंडाशी आजोबा तीन माणसांना पेले देत काहीतरी सांगत होते. तीन. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने, पाडलेल्या इमारतीच्या मोकळ्या जागेतून, निळ्या कामाच्या कपड्यातला एक माणूस आला. त्या बाजूला पूर्वी भिंत होती, तिकडून कोणी येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चार. तो सरळ दारापर्यंत आला आणि एवढी माणसं भिंतीला टेकून, न बोलता, आकाशातल्या टाकीकडे बघत आहेत हे पाहून थबकला. पाच. भाईंचा चेहरा हलला नाही. डोळे टाकीवरच. पण उजवा हात उठला, बाकाकडे गेला आणि त्या माणसाला बस म्हणाला. तो बसला. सहा, सात. हात अजून बाकाकडे हलत होता. आठ. मी झाकण लावलं.

मी रुमाल खाली करायच्या आत भाई त्याच्यापुढे होते. "बोल, काय देऊ?"

बाथरूममध्ये मला फार वेळ धीर धरवला नाही. चौकट आली, सदरा आला, मग भाईंचा चेहरा, शांत, हनुवटी किंचित वर, आपल्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा. डावा हात चौकटीवर, नखं मोजता येतील असा. उजव्या हाताला कोपरापासून खाली आकार नव्हता, पंख्याच्या पात्यासारखा एक फिकट झोत होता, बाकाच्या दिशेने पसरलेला. बाकावर निळ्या कपड्यातला माणूस बसला होता, पण त्याच्यातून बाकाच्या फळ्या दिसत होत्या.

मला तो फोटो बिघडलेला वाटला. मी शिस्तीची बाई आहे आणि मला हात हवा होता. सोमवारी गॅस जाणार नसता तर मी अल दुहैलवाल्यांना परत बोलावलं असतं. मी दोन सुलट्या प्रती केल्या, वाळवल्या आणि एक घेऊन माफी मागायच्या तयारीने खाली गेले.

भाईंनी ह्या वेळी आधी स्वतःलाच शोधलं. मग सगळे चेहरे. मग हातावर अंगठा ठेवला, जणू खाली हात आहे का ते चाचपत होते.

"हात नाय आला."

"नाही आला. तुम्ही हलवलात."

"हलवला काय मी?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. मग त्यांना बाकावरचा माणूस दिसला. फोटो त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळला, त्याभोवती आपला एक सदरा गुंडाळला आणि बॅगेत सर्वांत वर ठेवला.

ते गेले. आम्हीही अल गराफाला राहायला आलो. इमारत कधी पडली ते मी पाहिलं नाही. एकदा टॅक्सीतून तिकडून गेलो तेव्हा त्या जागी पत्र्याचं कुंपण होतं आणि त्यावर फुगेवाली माणसं.

काही आठवड्यांनी रत्नागिरीहून फोन आला. आधी भाई बोलले, तब्येत, पाऊस, माशांचे भाव. मग म्हणाले, "ही बोलते म्हनते," आणि फोन दिला. मी त्यांच्या बायकोशी पहिल्यांदाच बोलत होते. आवाज ठणठणीत होता.

"भाभी, फोटो लावला," त्या म्हणाल्या. "कोटवाले समदे काढले नि पेटीत टाकले. ह्यो लावला."

मी म्हटलं, "त्यात त्यांचा उजवा हात नीट आला नाही. मला वाईट वाटलं."

"तो कसा येनार?" त्या म्हणाल्या. "निकाहाच्या दिवशी सुदीक हे मंडपात मानसं बसवीत फिरत व्हते, काझी थांबलेला. हात बघितला नि म्हटलं, हां, ह्यो आमचाच मानूस." मागून भाई काहीतरी पुटपुटले, त्यांना त्यांनी गप्प बसायला सांगितलं. मग मला विचारलं, "मानसं पन चांगली दिसतायत तुमची. ती पातळ नाकाची बाई कोन?"

मी लातूरच्या वहिनींबद्दल सांगितलं.

"नि बाकावर कोन बसलाय? भुतासारका?"

"ते एक गिऱ्हाईक. आम्ही ओळखत नाही. फोटो चालू असतानाच आला."

फोनवर त्यांची पावलं वाजली. फोटो जवळ जाऊन बघत असाव्यात.

"मग त्याला च्या भेटला काय?"

"मिळाला," मी सांगितलं. "बरोबर दोन अंडी आणि पराठाही."

"मग बरा," त्या म्हणाल्या.

आता पाकीट उघडा.